सर्वांत मागे

सकाळी सहाला बस सुटली तेव्हा आम्ही तेवीस.
इंचॉनच्या पिठाच्या गिरणीतली निवृत्त माणसं,
महिन्यातून एक डोंगर, असा नेम.
मान-सोप पुढे, कारण त्याला वाटा पाठ
आणि मागून हाका मारल्या तरी ऐकू येत नाहीत.
मी सर्वांत मागे, गळ्यात शिट्टी.
शिट्टी दाल-सूची. गेल्या हिवाळ्यापर्यंत
मागे चालायचं काम त्याचं होतं.

काम सोपं आहे :
आपल्या मागे कुणी उरू द्यायचं नाही.

ऑक्टोबरात सोराक असा लालभडक होतो
की ओक-बुनच्या नव्या गुलाबी जाकिटाकडे
कुणाचं लक्षच गेलं नाही. ती जरा रुसली.
पायऱ्या, मग ओढ्यातले गोटे, मग पुन्हा पायऱ्या.
गुडघ्यांच्या गप्पा : कुणाची वाटी बदलली,
कुणाची बदलायची.
एवढी पोती उचलली तेव्हा कुठं होते हे गुडघे,
कुणीतरी म्हणालं, आणि हशा
वळणापलीकडे आमच्या आधी जाऊन पोचला.

वर एक दगड आहे,
खोलीएवढा, कातळाच्या काठावर टेकलेला.
म्हणतात, एकट्यानं ढकला, शंभरांनी ढकला,
हलतो तेवढाच. पडत नाही.

पिल-सुन अलीकडेच बसली,
गुहेतल्या देवळाच्या खालच्या पायरीवर.
'तू हो पुढे.'
म्हटलं, पुढे होणं हे माझं काम नाही.
'तोही असंच म्हणायचा,' ती म्हणाली.
'चाळीस वर्षं डोंगर चढलो,
एकदा माझ्याबरोबर चालला नाही.
मी दमत नसे ना. तीच चूक झाली.'

वरून आवाज येत होते :
एक, दोन, हं. एक, दोन, हं.
पोती थप्पीला लावताना असंच मोजायचो.
मग बराच वेळ काही नाही.
मग टाळ्या.

तिनं नासपती सोलली, साल तुटू न देता.
फोडी खाल्ल्या, रस कोपरापर्यंत.
उतरणारे भेटले. कुणी म्हणे हलला, चांगला दोन बोटं.
कुणी म्हणे, तूच हललास.
ओक-बुनच्या पाठीवर शेवाळाचा हिरवा डाग,
ती आता खुशीत होती.
कुणी काही विचारलं नाही.
पाण्याची एक बाटली मात्र देऊन गेले.

ते दिसेनासे झाले तशी पिल-सुन उठली.
'चल, गर्दी सरली.'
आणि ती माझ्या पुढे नाही, शेजारी चालली.
वाट दोघांपुरती नव्हती,
एकाचा पाय सारखा गवतात पडायचा,
तरी.

दगडाच्या अंगावर, छातीच्या उंचीला,
हात लागून लागून गुळगुळीत झालेली जागा आहे,
जुन्या उंबऱ्यासारखी.
मी बाह्या सरसावल्या.
'राहू दे रे,' ती म्हणाली,
'सकाळपासून जो तो ढकलतोय त्याला.
दमला असेल.'

तिथंच पाठ टेकून बसली. बूट काढले,
मोज्यातला खडा झटकला, डोळे मिटले.
समोर राखाडी सुळक्यांची अख्खी रांग
उन्हात उघडी पडली होती,
तिच्याकडे ती बघत नव्हती. मीही थोडाच वेळ.
वारा आला तेव्हा
दगड हलला, की तिनं श्वास सोडला,
मला सांगता येणार नाही.

खाली बसजवळ मी मोजले, तेवीस.
उगाच पुन्हा मोजले.
ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, 'काय, हलला का?'
बसभर हो, नाही, हो, दोन बोटं, अरे कसली दोन.
पिल-सुननं पिशवीतून नासपतीची साल काढली,
कुठं टाकावी म्हणून इकडेतिकडे बघितलं,
मग वेटोळं करून
तशीच परत ठेवली.