बोरडोहावरून बारा सेकंद

दीडशे घोड्यांचं इंजिन मी बसवलं.
बोट अभिजात खानझोड्यांची,
रंग जांभळा, त्यात चमकी,
लग्नातल्या बँडवाल्याच्या कोटासारखी.
मी कामठी रोडचा मिस्त्री,
जन्म ट्रकच्या पंपांत गेला,
पाण्यावर पळणारं यंत्र हे पहिलंच.

पहाटे चारला निघालो.
मागे बोट, म्हणून गाडी बैलाच्या चालीनं.
ऑटोमोटिव्ह चौकात कंटेनर आडवा,
कन्हानच्या पुलावर पाऊण तास,
पारशिवनीत तर्री-पोहा खाईस्तोवर ऊन चढलं.
मग धरणाच्या या काठावरून त्या काठाला
सव्वातीन मिनिटं.
अभिजातनं घड्याळ माझ्यापुढं धरलं.
मी म्हटलं, साहेब, आता?
म्हणाला, आता गळ टाकून बसायचं.

बसलो.
तीन तास बसलो.
बुडालेल्या सागाच्या खुंटाखाली
मरळ आपल्या लाल पिल्लांचा पुंजका राखत असते,
ती पाव्हण्यांचं घड्याळ बघत नाही.
आणि आमची लाट
आमच्याही आधी तिचं दार ठोठावून आली होती.

एक लागली. सव्वा किलो.
पेट्रोल चौदा लिटर.
भागाकार मी मनातच केला,
मजुरी यायची होती.

तेवढ्यात खुंटांमधून झिबल नान्हे आला,
डोंग्यात ओल्या पोत्याखाली पाच मरळ,
पाचवी अजून शेपटी आपटत होती.
"तुमचा आवाज आयकला," म्हणाला,
"मासोळ्यायनं बी आयकला."

इथवरची गोष्ट गॅरेजात सांगितली की
सगळे हसतात, चहा मागवतात.
कासवाच्या बाजूनं बोलायला काही लागत नाही.
पण अभिजातनं विचारलं,
काका, एक चक्कर मारता का?
मला वाटलं, म्हातारा हात जोडेल.
त्यानं डोंगा खुंटाला बांधला,
चपला डोंग्यातच ठेवल्या,
आणि अनवाणी आत आला.

नाक वर झालं, मग बोट सपाट झाली,
पाणी लोखंडासारखं कडक लागायला लागलं.
झिबलच्या खांद्यावरचा दुपट्टा उडाला,
त्यानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.
तोंड उघडं, दात चार,
चारही वाऱ्यात.

मध्यावर त्यानं एकदम मान मागे वळवली.
थांबल्यावर म्हणाला,
"खाली बोरडोह होता न्, आमचं गाव.
डोंग्यानं जातो तं बिडी सरते, गाव नाई सरत.
हे दुधपचाऱ्याचं घर, हे हिर,
हा मारुती, हा आमचा कोठा...
कोठ्यापाशी वल्हं थांबतेच.
पाणी चढलं त्या राती
बाप म्हणे बैल मी सोडले,
माय म्हणे मी सोडले.
कोनं सोडले ते आजवर नाई समजलं."
तो थोडा वेळ नखांतली खवलं काढत बसला.
"आज पयल्यांदा गाव लवकर सरलं."

बारा सेकंद. दुसऱ्या फेरीला मी मोजले.
कारण तो म्हणाला होता, "अजून एक डाव."
मग अजून एक.
चौथ्या फेरीला काटा लालावर टेकला
तरी अभिजातनं घड्याळ पाहिलं नाही,
आणि मी कसलाच भागाकार केला नाही.

संध्याकाळी बोट ट्रॉलीवर चढवली,
पट्टे आवळले, तळातलं पाणी सोडलं,
इंजिनावर ताडपत्री बांधली.
एवढ्या वेळात डोंगा या काठाला लागायला हवा होता.
तो मध्यावरच होता.
वल्हं आडवं.

कन्हानच्या पुलावर पुन्हा पाऊण तास.
अभिजात म्हणाला, मिस्त्री,
दोनशे घोड्यांचं कितीला पडेल?
मी म्हटलं, काढून सांगतो.
खिडकीबाहेर एक मालगाडी
आमच्याहून पुढे गेली.