दार उघडं ठेवावं

शुक्रवारी संध्याकाळी सातला
ग्रिम्सबीच्या मेथडिस्ट देवळामागचा हॉल मी उघडतो.
आम्ही जालन्याकडचे ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो.
मॉरीनलाही तो शब्द शिकवलाय;
ती 'डेउल' म्हणते आणि किटली लावते.

टेबल-टेनिसच्या चेंडूला पोचा,
टोस्टर एकाच बाजूने भाजतो,
आणि भिंतीवर नियमांचा कागद:
मुलांसोबत एकट्याने बसू नये.
सोबत दुसरं मोठं माणूस असावं.
दार उघडं ठेवावं.
समुद्रावरचा वारा हा कागद वाचूनच आत येतो.

पोरं येतात, तेरा ते सतरा.
टीगन म्हणते देव नाही, आणि तीन बिस्किटं उचलते.
डोव्हिदास विचारतो, लिथुएनियनमध्ये मागितलं तर पोचतं का?
मी म्हणतो, माझं मराठीतलं पोचत असावं,
उत्तराला उशीर होतो, पण तो दहा नंबरच्या बसलाही होतो.
दहा नंबर मीच चालवतो,
म्हणून हसतात बिचारी.

पवित्र शास्त्राला दहा मिनिटं.
उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली
तर कीनन म्हणाला,
"साळवे, डुकरं राखायचे तासाला किती मिळायचे?"
मला सांगता आलं नाही.

पुढचे चार शुक्रवार तो आला नाही.

त्याच्या वाटचा टोस्ट मी भाजत राहिलो,
एकीकडून काळा, एकीकडून पांढरा,
शेवटी उभ्याने मीच खाल्ला.
ग्रुपवर निरोप टाकला: नवा चेंडू आणलाय.
खोटं होतं.
शनिवारी जाऊन आणला.

पाचव्या शुक्रवारी, सव्वानऊ वाजलेले,
मॉरीन निघून गेलेली, कुलपात किल्ली,
आणि पायरीवर तो.
टोपी डोळ्यांवर, हात बाह्यांत ओढलेले.
"आत येऊ?"

एवढ्या वर्षांत तो कागद
इतका जड कधी झाला नव्हता.
"आत नको," म्हटलं, "इथेच बसू, दिव्याखाली.
समोरच्या स्टॉपवरच्या माणसांना दिसू असे."
मॉरीनला फोन लावला. ती अर्ध्या वाटेतून वळली.

आई उठत नाही, म्हणाला, महिना झाला.
पडदे लावून पडलेली असते.
धाकटीचा डबा मी करतो.
आणि लगेच बोट रोखून:
"पण प्रार्थना-बिर्थना नको हं. नुसता बस."

तो इंग्रजीत बोलला,
माझ्या डोक्यात ते मराठी होऊन उतरलं.
नुसता बस.
एकोणीस वर्षं बस चालवतोय,
मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे, एकदा केलं होतं कुणीतरी.
दहावीत नापास झालो तेव्हा
शब्बाथशाळेचे अनंतराव मास्तर
मिशनच्या विहिरीच्या कठड्यावर शेजारी येऊन बसले.
खिशात शेंगा होत्या.
एक वचन नाही, एक प्रश्न नाही.
अंधार पडेस्तोवर टरफलं विहिरीत.

मी रुमालात नाक शिंकरलं
आणि रुमालाआड जे बोलायचं ते बोललो,
चोरून, मायबोलीत, थोडक्यात.
मॉरीन आली, थर्मास घेऊन त्याच्या पलीकडे टेकली.
सोमवारी कुणाला फोन करायचे ते तिला ठाऊक होतं.
मला फक्त पायरी किती गार आहे एवढं ठाऊक होतं.

आई अजून बरी नाही.
कीनन येतो; कधी येतो, कधी नाही.
परवा नव्या चेंडूने टीगनला हरवलं,
टोस्टला लोणी फासत मान वर न करता विचारलं,
"त्या रात्री काय पुटपुटत होतास?"
"दहा नंबरचं वेळापत्रक."
"हं," म्हणाला. "शेवटची गाडी कितीची?"

मला खरंच आठवेना.
तेवढ्यात वाऱ्याने दार आपटलं,
आणि डोव्हिदासने, कुणी न सांगता,
उठून त्याला खुर्ची लावली.