त्रेसष्ट

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे
काचेची एक खोली. तिच्यात सर्व्हर,
खाली आठ डिस्कचा ॲरे,
बाहेर एप्रिलची रात्र, पत्र्यावर अजून तापलेली.

महिन्याची बिलं निघायला एक्केचाळीस मिनिटं लागायची.
अकाउंटचा बसवराज म्हणाला, रॅम. रॅम आली.
केबलवाला म्हणाला, केबल. केबल बदलली.
मालक म्हणाले, यंत्रालाही ऊन लागतंच की.
नवा एसी बसला.
एक्केचाळीसची चाळीस झाली.

मग मी विभागणीचा तक्ता उघडला.
पहिल्याच ओळीत, कोणाच्याही अध्यात ना मध्यात,
एक आकडा बसला होता:
सुरुवात, सेक्टर त्रेसष्ट.

फार पूर्वी तबकडीच्या एका फेऱ्यात
त्रेसष्ट घरं धरायचे.
पहिला फेरा मोकळा सोडायचा, मग संसार मांडायचा.
त्या तबकड्या भंगारात गेल्या.
पुढच्या डिस्क नुसतंच सांगत राहिल्या,
हो, आमच्यातही त्रेसष्टच.
कोणी उलटून विचारलं नाही.

आणि खाली ॲरे कप्पे पाडतो
एकशे अठ्ठावीस सेक्टरचे, काटेकोर.
आमची नोंदही नेमकी तेवढीच,
पण त्रेसष्टवरून निघालेली,
म्हणून पासष्ट सेक्टर अलीकडे, त्रेसष्ट पलीकडे.
कुवेतला एक गठ्ठा गेला
की दोन डिस्क उठतात,
दोघी जुनं वाचतात, बेरीज पुन्हा मांडतात,
पुन्हा लिहितात, आणि पडतात.
दिवसातून लाखभर वेळा.
चूक कुठेच नाही. नुसती दमणूक.

"काय करलालीस गं अजून?"
दारात नरसय्या येमूल, रात्रपाळीचे वॉचमन.
हातात टॉर्च. त्याआधी तीस वर्षं
याच हातांनी फणी भरली,
एकेका घरातून दोरा ओढत.

मी सांगितलं, जमेल तसं.
ते बराच वेळ दिव्यांची उघडझाप बघत राहिले.
"म्हंजे पहिलंच घर चुकलं की.
माग चालतोय, कापड निघतंय,
दिसत कुणाला न्हाई. दोरे तेवढे तुटत राहत्यात."
"मग काय करायचे?"
"काय करणार? सगळं उसवायचं. बीमपासनं."
हसले. "म्हणून तर कुणी करत न्हाई."

मी नक्कल काढली. दोनदा ताडून पाहिली.
तिसऱ्यांदाही, उगाच.
मग पडद्यानं विचारलं: पुसू?
अकरा वर्षांची बिलं,
लक्ष्मव्वा गड्डमच्या न चुकलेल्या हजेऱ्या,
परत आलेला एक कंटेनर, फिका रंग निघाला म्हणून.
बोट बटणावर होतं. ते मी दाबलं
की घामानं घसरलं, आता सांगता येत नाही.

नवी सुरुवात: दोन हजार अठ्ठेचाळीस.
पुढे मेगाबाइटभर पडीक जमीन,
कशासाठीच नाही, फक्त माप लागावं म्हणून.

रात्रभर आकडा टक्क्याटक्क्यानं सरकला.
येमूल सेकंड क्वालिटीच्या टॉवेलांवर झोपले,
तोंडावर एक, डास नकोत म्हणून.

सकाळी बिलं सोळा मिनिटांत निघाली.
मालकांनी एसीच्या पुठ्ठ्यावर थोपटलं:
"म्हटलं नव्हतं? ऊनच होतं."
मी हो म्हणाले. झोप येत होती.

गेटवर किल्ल्या देताना येमूलांनी विचारलं,
"आता कुठनं धरलीस?"
दोन हजार अठ्ठेचाळीस.
"लई लांबनं," ते म्हणाले,
आणि मनात घरं मोजल्यासारखे ओठ हलवले.
"बसतंय."

बार्शीच्या गोदामात असाच एक सर्व्हर आहे,
त्रेसष्टवाला.
तिथे एसीचं कोटेशन मागवलंय.