नक्कल

पुतणीला इंजिनिअरिंगला दाखला लागतो,
म्हणून मी मे महिन्यात कलेक्टर कचेरीत.
अभिलेख कक्ष, तळमजला,
एक कूलर, त्यात पाणी नाही.

गजभिये बाई म्हणाल्या, "पन्नासच्या आधीचं पाह्यजे जी.
कोतवाल बुक पाहा.
मधली तीन वर्षं वाळवीनं खाल्ली."
घरातली जुनी माणसं सांगतात ना,
मधले तीन भाऊ लहानपणीच गेले,
तसंच सांगितलं त्यांनी.

मौदा तहसील. कन्हानकाठचं गाव.
पान उलटलं की बोटांना पिवळी भुकटी लागते,
डबा उघडायच्या आधी मी हात दोनदा धुतो.

जन्माला नाव लिहायची रीत नव्हती.
बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी.
आमचं आडनावच निनावे,
मला एकट्यालाच हसू आलं; बाईंनी वर पाहिलं.

मग सापडला. सन एकवीस, तीन जून:
"डोमा वल्द पैकू, कोष्टी. मुलगा."
झालं. हाच माझा आजा.
मी चहा सांगितला, दोन.

चहा येईस्तोवर पुढची पानं चाळली, उगीच,
तर मयताच्या रकान्यात:
"डोमा वल्द पैकू याचा मुलगा. वय बावीस दिवस. ताप."

पुढची सात वर्षं पाहिली.
डोमाच्या घरी तीन मुली. मुलगा नाही.

आणि माझा आजा तर एकोणनव्वदपर्यंत जगला.
पाचपावलीत खड्ड्यातल्या मागावर लुगडी विणली,
मग मिलमध्ये गेला, तिसरी पाळी.
डाव्या कानानं कमी ऐकायचा,
पंगतीत शेवटी बसायचा, कोणी ओढलं तरी.
नाव उकंडा. पगाराच्या चिठ्ठीवर उकंडराव.
आम्ही सांगत आलो, आधीचं पोर गेलं,
म्हणून याला उकिरड्यावर टेकवून उचलला,
यमाची नजर चुकवायला. तेव्हा सगळेच करत.
शाळेच्या दाखल्यात त्याचा जन्म एक जुलै;
तोही तेव्हा सगळ्यांचाच असे.

मयताच्या त्याच पानावर, दोन ओळी खाली, तीस जून:
"बाई एक, फिरस्ती. धर्मशाळेत. बाळंतपणात मयत.
नाव माहीत नाही. जात माहीत नाही."

मुलाचं काही लिहिलेलं नाही.
जन्माचा रकाना पाहिला, मागे, पुढे.
मग मयताचा पुन्हा, बोट ठेवून, वर्षभराचा.
ते मूल कुठंच मेलेलं नाही.

व्हरांड्यात येऊन सरूआत्याला फोन लावला, तांडापेठेत.
त्र्याऐंशी वर्षांची, पण फोन पहिल्या घंटीत उचलते.
"तुले काऊन पाह्यजे थे?"
मग कितीतरी वेळ नुसता तिच्या पंख्याचा आवाज.
"बुढी पित्रात एक पान जास्त वाढे.
कोनाचं थे, मनून कधी बोलली नाई.
अन् तुहा आजा थे पान स्वतः नेऊन ठेवे,
कोनाले हात लावू देत नोहता."
जेवला का, विचारलं, आणि फोन ठेवला.

"नक्कल कोणत्या ओळीची?" बाईंनी विचारलं.
"पूर्ण पान भेटत नाही. तुमची ओळ तेवढी."
मी तीन जूनवर बोट ठेवलं.
बोट जड होतं, की पानच ओलसर, कोण जाणे.

बाहेर कडुनिंबाखाली वंशावळ लिहून देणारा बसतो.
पैकू. खाली डोमा. खाली उकंडा. खाली माझा बाप.
पट्टीनं सरळ रेघा, मधे कुठं शाई फुटली नाही.
शेवटी छापलेलंच असतं:
वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.
मी सही केली.

"आणखी कोणी राहिलं का, साहेब?
कागदावर जागा आहे, म्हणून विचारलं."
उकंडाच्या वर, डोमाच्या शेजारी,
चार बोटं कोरी होती.

मी म्हणालो, असू द्या.