शाई दोन, कागद सहा

दारव्ह्याच्या बाजारात एप्रिल म्हणजे कूलर.
दुकानभर पंप, वाळ्याच्या ताट्या, जळक्या मोटारीचा वास,
त्यात वैराळे मॅडम आल्या, जुन्या साडीत गुंडाळलेलं
काळं काहीतरी घेऊन. पाटीएवढं. रबराची बटणं.
'कॉम्प्युटर हाये,' म्हणाल्या. 'शाळेनं भंगारात काढला,
म्या किलोवर घेतला. पाय बरं, टीव्हीवर येते का.'

येत नाही.
नव्या टीव्हीला मागे तसलं भोकच नाही,
आणि गावातले जुने टीव्ही मीच विकलेत, किलोवरच.

शटर ओढून तीन रात्री बसलो.
याच्या पोटात एक टिनाची डबी असते,
ती चित्राला लाटेवर चढवून धाडते,
एसटीच्या टपावरच्या सामानासारखं:
पोचतं सगळं, पण चेपून, धुळीनं माखून.
डबी काढली.
चित्र जिथं जन्मतं त्या चिपच्या पायांशीच
अकरा तारा जोडल्या, केसाएवढ्या,
आणि नागपूरहून मागवलेलं अडीचशे रुपयांचं एक सर्किट
मध्ये बसवलं, दुभाष्या म्हणून.

भांडण वेळेचं होतं.
जुना टीव्ही सोशिक. ओळ उशिरा आली, थरथरत आली,
तरी तिला दारात उभी ठेवायचा नाही.
नवा म्हणजे तहसिलीतला बाबू:
एक टिंब कमी, की 'सिग्नल नाही', खिडकी बंद.
आणि हा म्हातारा सेकंदाला पन्नासहून किंचित जास्त चित्रं टाकतो.
त्या किंचितचा पत्ता लावण्यातच दोन रात्री गेल्या.
शेवटी दुभाष्याला शिकवलं:
त्याला घाई करू नको, तो बोलेल तसं धरून ठेव,
याला याच्या वेळेवर वाढ.

चौथ्या दिवशी मॅडमनी कॅसेट आणली.
एका बाजूला भुलाबाईची गाणी,
दुसरीकडे त्यांचा प्रोग्राम, सत्त्याऐंशी सालचा.
पाच मिनिटं टेप नुसती किंचाळली,
समोरचा पानठेलेवाला काय झालं म्हणून धावत आला,
पडद्याच्या काठाला पट्टे पळाले,
मग झाड उमटू लागलं. फांदी. फांदी. एकही पान नाही.
मॅडम म्हणाल्या, 'हे लाल काहून दिसते?'

मला वाटलं, तार चुकली.
अकराच्या अकरा तपासल्या.
तार बरोबर होती.
शाळेतला टीव्ही होता ब्लॅक अँड व्हाइट.
यंत्र रोज आठही रंग धाडत होतं
आणि तिकडे राखेचे आठ प्रकार उतरत होते.

'पुस्तकात नुसते आकडे होते,' त्या म्हणाल्या.
'दोन लाल, सहा पिवळा. केशरी नोव्हताच.
मंग शाई दोन, कागद सहा,
एक ठिपका हा, एक तो. डोळा मिसळून घेते म्हने.
पाह्यलं होतं कोनं!'

पळस होता तो.

पण माझंच काम आडवं आलं.
चित्र इतकं स्वच्छ, की ठिपका ठिपक्याला शिवेना,
लाल वेगळा, पिवळा वेगळा, सतरंजी नुसती.
म्हटलं, मॅडम, थोडं धूसर करून देतो, सोय आहे त्यात.
'राहू दे,' म्हणाल्या,
आणि चष्मा काढून पदरात धरला.

कूलरचा एक पंप टपटप गळत होता, तेवढाच आवाज.
'हाओ,' म्हणाल्या. एवढंच.

माझ्या डोळ्यांना चष्मा नाही.
मी रस्ता ओलांडून पानठेल्यापाशी उभा राहिलो,
उन्हातून माझ्याच दुकानाच्या अंधारात पाहत.
कोणी एक जण मोटार हातात घेऊन विचारत होता, किती लागतील.
म्हटलं, थांब बे जरा.