पाचाची दोन नाणी

चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटा तपासल्या.
रेघ केसभर सरकली तरी बोट थांबायचं,
ताव बाजूला.
पोळीचा काठसुद्धा हा उजेडात धरून बघतो,
असं कुंदा सगळ्यांना सांगते.

आणि तरी हा डेक मीच बांधला.

जेलरोडच्या मागे, बारा बाय नऊ.
अंबडच्या भंगारवाल्याकडून आणलेली खोक्यांची फळी,
कुठल्याशा परदेशी मशीनचं पॅकिंग,
पांढरट पाइन, वासाला गोड.
एका अंगाला काळ्या शाईत काचेचा पेला
आणि दोन बाण : ही बाजू वर.
छपाई बरी नव्हती, शाई फुटलेली,
म्हणून ती बाजू मी खाली घातली.

फळीला फळी अशी भिडवली
की मध्ये नख जाऊ नये.
शेजारचे बोरस्ते म्हणाले, वा, फरशीच वाटते.
मी नाही नाही म्हणत
त्यांना ते तीनदा म्हणू दिलं.

सहा पावसाळे.
पहिल्यांदा एक फळी पापडासारखी उचलली; मी खिळा मारला.
मग तिच्या शेजारची. अजून एक खिळा.
कोपऱ्यात अळंबी उगवली, कानासारखी, नाजूक.
खरवडून तिथे कुंडी ठेवली.
कुंड्या वाढत गेल्या.
बोरस्ते म्हणाले, बाग छान फुलवलीत.

कार्तिकातल्या एका सकाळी कुंदाचा डावा पाय
चहाच्या ट्रेसकट घोट्यापर्यंत आत गेला.
ओरडली नाही ती.
म्हणाली,
"हा ताव बाजूला काढायचा राहिला वाटतं."

दौलत गांगुर्डे मिस्त्री सिन्नरहून आला.
चपला काढून डेकवर चालला,
हळू, टाचेनं विचारत विचारत.
मग पहार घालून एक फळी उलटी केली.
दासे सरळ मातीत टेकलेले.
त्यांच्यात वाळवीनं घर केलेलं,
कामाला माझ्यापेक्षा चोख.

"कोणी केलंय हे?"

कुंदा स्टुलावर पाय ठेवून बसली होती,
बँडेजची पिन नीट करत.
मी म्हणालो, "होता एक. रिटायर झाला."
"पैसे घेऊन पळाला असंल."
"नाही," कुंदा म्हणाली, "इथेच राहतो."

मिस्त्री हसला नाही. त्याबद्दल मी त्याला
ठरल्यापेक्षा दोनशे जास्त दिले, नंतर.

सिमेंटचे ठोकळे. त्यांवर दासे, जुन्या गोदामातल्या सागाचे,
आंब्याकडे थोडा ढाळ.
"काका, लाकूड मेलं तरी पाणी पितं.
फुगणार ते. त्याला अंग टाकायला जागा लागते.
पाचाची जाड नाणी आहेत का? दोन."

आयुष्यभर कोऱ्या नोटा मोजलेला मी
देव्हाऱ्यातल्या तबकात नाणी शोधत होतो.

फळी ठेवायची, मध्ये दोन नाणी एकाला एक चिकटवून,
दुसरी फळी सरकवायची, स्क्रू आवळायचे,
नाणी काढून पुढे.
मला ती फट बघवेना.
बोट आपसूक थांबायचं प्रत्येक फटीशी : चूक, चूक, चूक.
सातव्या फळीला मिस्त्री म्हणाला, धरा तुम्ही.
मी धरली.

संध्याकाळी कुंदा लंगडत आली,
तांदळाचं धुवण भसकन ओतलं.
पाणी क्षणभर थांबलं, पांढुरकं,
मग एकेका फटीतून उतरत गेलं,
खाली अंधारात कुणाशी तरी बोलत.

शेवटच्या फळीला एक नाणं निसटून आत पडलं.
"खोलू परत?"
"राहू दे."

जुनी एक फळी कुंदानं मेथीच्या वाफ्याला
कड म्हणून रोवलीय.
पेला सरळ, बाण वर.
सकाळी पाणी घालताना मी वाकून बघतो.

शाई खरंच फुटलेली आहे.