मुंग्या

सेंट फिलिपच्या दवाखान्यात
सोमवार पायांचा.
माणसं बाकावर बसतात, बूट काढतात
चर्चमध्ये टोपी काढावी तसे, खाली बघत.
मी वाकते. एकवीस वर्षं वाकतेय.

माझ्या हातात नायलॉनची एक तार,
मासे धरायच्या दोरीहून बारीक.
"डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."
तार अंगठ्याला टेकवते, मग बोटांखाली, मग चवड्याला.
बाहेर कोंबडा. बसचा हॉर्न. वारा.
डार्नली गिटेन्स म्हणतो, "अगं इयान्थी, सुरू कर की."
मी तेव्हा आठव्या जागेवर असते.

डार्नली शाळेपाशी बर्फाचा गोळा विकायचा.
लाल सरबत, हिरवं सरबत,
वरून आटवलेल्या दुधाची धार.
उरलेलं रात्री स्वतः प्यायचा.
ओतून द्यायचं कसं?
त्याची आजी ऊस तोडायची
आणि तिला साखर मिळायची ती पोत्याच्या शिवणीतली,
नखानं काढलेली.

तीनशे वर्षं या बेटावर साखर म्हणजे
जहाजात भरून द्यायची वस्तू.
आता जहाजं ती परत आणतात
बाटल्यांतून, चकचकीत पाकिटांतून,
पाण्याहून स्वस्त.
ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, खरंय.
आमच्याकडे मुळाशी माणसं होती.

"आधी मुंग्या आल्या," डार्नली सांगतो.
रात्री, टाचेपासून वर, रांग धरून.
त्याला वाटलं अंथरुणातच आहेत.
दिवा लावला, चादर झटकली,
एक नाही.
आजीच्या वेळी खऱ्या यायच्या म्हणे, परसात,
आणि ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात
त्याच्या घरी डॉक्टर नको, सुतार पाठवा,
असं बायका विहिरीवर बोलायच्या.

मग एक दिवस मुंग्या गेल्या.
तो खूश. त्यानं शेजाऱ्याला रम पाजली.

मुंग्या जातात तेव्हा घाबरायचं असतं.
हे मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलंय.
भिंत बाकाच्या मागे आहे.

चपलेतला खिळा अकरा दिवस त्याच्याबरोबर चालला,
गाडीपर्यंत, शाळेपर्यंत, घरी.
नात केझाया फरशी बघून म्हणाली,
"आजोबा, सरबत सांडलं."

डावा पाय गुडघ्याखाली गेला तो गुरुवारी.
एल्रिक स्कँटलबरीचा उजवा त्याआधीच गेलेला.
दोघंही नऊ नंबरचे.
आता वर्षातून एकदा ब्रिजटाउनला जातात
आणि मिळून एक जोड घेतात.
भांडतात खूप. डार्नलीला तपकिरी हवा,
एल्रिकला काळा, अंत्ययात्रांना चालतो म्हणून.
नाणं उडवतात.
दुकानातली मुलगी आता न विचारता
पिशव्या दोन देते.

मी हे सांगते आणि लोक हसतात.
मीही हसते.

घरी येऊन मॉबीची साल उकळत ठेवते.
दालचिनी, बडीशेप, आणि ते कडू, जिभेच्या मुळापर्यंत कडू.
आई म्हणायची, कडू लपेपर्यंत साखर घाल.
कडू कधी लपतं ते तिनं सांगितलं नाही.
मी चार चमचे घालते. पाचवा
डब्यावर धरून ठेवते
तोवर त्याला वाफ लागते, ओला होतो,
परत डब्यात टाकता येत नाही.

रात्री तार घरी आणलेली असते.
माझी मी टेकवून बघते,
पण ती चोरी आहे; हात पायाला सांगून टाकतो.
म्हणून मुलाला हाक मारते. तू टेकव.
पाय त्याच्या मांडीवर ठेवते,
डोळे मिटते.
बाहेर बेडकांच्या शिट्ट्या, एवढ्याशा बेडकांच्या.

"कोरी, सुरू कर की," मी म्हणते.

कोरी काही बोलत नाही.